ठेका धरणाऱ्यांची बखर

पोलादपूर सोडून सह्याद्रीच्या अंगाने आत वळले, की डोंगरांच्या कुशीत उमरठ लागते. नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी या गावात आहे आणि शेलारमामांचीही इथेच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी कोंढाण्यावर पडले आणि त्यांचा देह मढे घाटाने उतरवून गावी आणला, असे इथली परंपरा सांगते. तिथीने तो दिवस माघ वद्य नवमी. दर वर्षी त्या दिवशी उमरठला माणसे जमतात, समाधीवर फुले वाहतात आणि पोवाडा ऐकतात.

पोराचे लग्न बाजूला ठेवून गडावर निघालेला बाप मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. हा बाप घरोघर पोहोचला कसा? बखरी वाचणारे लोक थोडे होते आणि छापखाना तर फार उशिरा आला. तानाजीला गावोगाव नेले ते पोवाड्याने आणि पोवाडा पोहोचला तो डफ-तुणतुण्याच्या खांद्यावर बसून. शाहिराचे नाव आपण जपले. तुणतुण्याची तार छेडणारा, डफ शेकून ताणणारा, मागे उभा राहून झील धरणारा माणूस मात्र अनाम राहिला. त्याची आठवण मला प्रकर्षाने झाली ती हिप-हॉपचा इतिहास वाचताना. तिथे शब्द म्हणणाऱ्याच्या बरोबरीने ठेका घडवणाऱ्याचे नाव घेतले जाते. त्याला ते प्रोड्यूसर म्हणतात. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटले की पैसे घालणारा निर्माता डोळ्यांसमोर येतो. हिप-हॉपमधला प्रोड्यूसर हा गाण्याचा नाद बांधणारा कारागीर आहे.

आधी आपला पोवाडा पाहू. तानाजीवरचा सर्वांत प्रसिद्ध जुना पोवाडा शाहीर तुळशीदासाचा. त्यात जिजाऊ प्रतापगडावर आहेत. तिथून त्यांची नजर सिंहगडावर, म्हणजे कोंढाण्यावर, जाते. त्या शिवाजी महाराजांना बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि पणात गड मागतात. मग निरोप उमरठला जातो, तानाजींचा मुलगा रायबा याच्या लग्नघरी. इतिहासाच्या हिशेबात हे सारे बसत नाही. त्या काळी राजधानी राजगड होती. सिंहगड हे नावही तानाजींच्या मरणानंतर पडलेले नाही, १६७० च्या आधीच्या पत्रांत ते सापडते. पण तुळशीदास काही दफ्तर लिहीत नव्हता. समोर मांडी घालून बसलेल्या माणसांना तो रात्रभर जागे ठेवत होता. सोंगट्यांच्या डावात चढत जाणारी ओढ आहे, लग्नघरात हुरहूर आहे, किल्लेदार उदेभानाच्या वर्णनात दरारा आहे. प्रत्येक प्रसंगाची लय वेगळी आणि शाहिराने प्रसंग निवडले आहेत ते लयीच्या हिशेबाने.

ही लय निघते दोन-तीन साध्या वाद्यांतून. तुणतुणे म्हणजे लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला कातडे, बाजूला बांबूची काठी आणि काठीच्या खुंटीपासून कातड्यापर्यंत ताणलेली एकच तार. ती छेडली की सूर आणि ठोका एकदमच निघतात. गाणाऱ्याला स्वर सापडतो आणि ऐकणाऱ्याला लय. डफ म्हणजे गोल कड्यावर मढवलेले कातडे. हवेत ओल असली की ते सैल पडते आणि आवाज बसतो. मग शेकोटीजवळ डफ शेकायचा, थाप मारून पाहायची आणि मनासारखा नाद येईपर्यंत पुन्हा शेकायचा. कोकणच्या दमट हवेत हे काम दुप्पट जिकिरीचे. त्याशिवाय झांज आणि मागे झीलकरी. मुख्य शाहीर ओळ सोडतो तिथे झीलकरी ती उचलतात आणि ‘जी जी रं जी’ म्हणत शाहिराला श्वास घ्यायला जागा करून देतात.

यातले खरे कसब थांबण्यात आहे. पोवाड्याचा चौक रंगात आला की शाहीर गाणे सोडून गद्यात शिरतो. वाद्ये एकदम खाली येतात, कधी पुरती गप्प होतात. नुसत्या बोलण्यावर प्रसंग पुढे सरकतो, श्रोता पुढे झुकतो आणि नेमक्या शब्दावर डफाची थाप पडते. ती थाप अर्ध्या क्षणाने चुकली तर गडावरचा वार हुकला म्हणून समजावे. ती कुठे पडायची हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. साथीदार शाहिराच्या खांद्याकडे, मानेकडे, श्वासाकडे पाहून ते ठरवतो.

पुढे पोवाडा कागदावर आला. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे मुलकी अधिकारी मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे जमवले. १८९१ मध्ये हा संग्रह मराठीत छापून निघाला आणि १८९४ मध्ये अ‍ॅकवर्थ यांनी निवडक पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. हे उपकार मोठे आहेत. त्यांनी हे काम केले नसते तर कितीतरी पोवाडे गाणाऱ्यांबरोबरच गेले असते. पण छापखान्याने शब्द वाचवले आणि नाद बाहेरच राहिला. थाप कुठे, तार केव्हा वर चढवायची, झील किती वेळा घ्यायची, हे त्या पानांवर नाही. ध्वनिमुद्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते. तुळशीदासाचे नाव पोवाड्यातल्या नाममुद्रेमुळे उरले. साथीदाराला नाममुद्रा कधीच नव्हती.

आता ब्रॉन्क्सकडे जाऊ. न्यूयॉर्कच्या उत्तरेची ही वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची आणि पोर्तो रिकोहून आलेल्यांची. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या दालनात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला. हे कुटुंब जमैकातून आलेले. हा क्लाइव्हच पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने एक गोष्ट नीट पाहिली होती. गाण्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि फक्त ढोल वाजत राहतो, त्या काही सेकंदांत पोरे सर्वांत बेभान नाचतात. या तुकड्याला ब्रेक म्हणतात. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा, तोवर पहिली मागे घ्यायची. काही सेकंदांचा ठेका पाहिजे तितका लांबला. ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर मेणखडूने खुणा करून हे काम अचूक केले. त्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणारे आले आणि त्यांच्या बोलण्यातून रॅप वाढला.

म्हणजे तिथे ठेका आधी आला आणि शब्द मागून. आरंभीच्या काळात मोठे नाव असे ते तबकडी फिरवणाऱ्याचे. १९८७ मध्ये गाजलेल्या एरिक बी आणि राकिम या जोडीत डीजेचे नाव पहिले आणि रॅपरचे दुसरे, ते याच रिवाजामुळे. मग यंत्रे आली. क्वीन्सब्रिजच्या मार्ली मार्लने १९८० च्या दशकात दाखवून दिले, की जुन्या तबकडीतला ढोलाचा एकेक ठोका वेगळा उचलून आपल्या मनाप्रमाणे पुन्हा रचता येतो. १९८८ मध्ये रॉजर लिनने आकाई कंपनीसाठी एमपीसी ६० हे यंत्र घडवले. त्यावर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या आहेत. प्रत्येक गादीत एक आवाज साठवायचा आणि बोटांनी वाजवायचा. हे वाचताना मला डफच दिसतो: कातड्यावर कुठे बोट पडले, यावर कुठला नाद निघेल ते ठरते.

डेट्रॉइटच्या जेम्स यान्सीने, म्हणजे जे डिलाने, या यंत्राला माणसाचा श्वास दिला. यंत्राचा ओढा असतो प्रत्येक ठोका काटेकोर घरात बसवण्याकडे. डिला काही ठोके सरळ ठेवी, काही केसभर मागे ओढी, काही केसभर पुढे ढकली. गाणे लंगडल्यासारखे वाटे, पण कोसळत नसे. सरावाने हात मुरलेला वादक अशीच लय खेळवतो. दुर्धर आजारात घडवलेला त्याचा ‘डोनट्स’ हा निःशब्द बीटांचा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, बाहेर आला आणि तीनच दिवसांनी तो गेला. त्याचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. आपल्याकडे वीरांच्या तलवारी संग्रहालयात आहेत. पोवाड्यातले एखादे तुणतुणे, ते कोणी वाजवले त्या नावानिशी, मी कुठे मांडलेले पाहिले नाही.

हिप-हॉपच्या या कथेत अन्यायही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. प्रोड्यूसरांनी ज्यांचे ठोके उचलले, ते वादक बहुधा रिकाम्या हातांनी गेले. जेम्स ब्राउनच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मधला ढोलाचा तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डला त्याबद्दल मानधन मिळाले नाही. ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ च्या गाण्यातले सहा-सात सेकंद जगभरच्या संगीतात पसरले. ते वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. ठेका धरणारा विस्मरणात जातो ही खोड फक्त आपली नाही. फरक इतकाच, की तिथे ध्वनिमुद्रण होते, म्हणून पुढच्या पिढीला तबकडीचे वेष्टन उलटून त्याचे नाव शोधता आले आणि आदराने घेता आले.

उचललेल्या नादाचा हा व्यवहार मराठीला परका मुळीच नाही. जुनी पदांची पुस्तके उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द आणि पुढे आधीच्या एखाद्या लोकप्रिय पदाचा उल्लेख असतो. १८८२ च्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ची पदे अशाच रूढ चालींवर बांधलेली. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्या चळवळीतून पुढे उभ्या राहिलेल्या आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या आणि त्यांत नवा विचार भरला. चाल ओळखीची असली की शब्द परके वाटत नाहीत. ब्रॉन्क्सचा प्रोड्यूसर वडिलांच्या कपाटातली तबकडी काढून तिच्यावर पोराचे दुःख मांडतो, तेव्हा तोही हेच करत असतो. आपल्या पदकर्त्यांनी तर एक सभ्यता आणखी पाळली: चाल कुणाची, हे वरच लिहून टाकले.

ही सभ्यता सुटली की काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे गाजले. बीट डीजे क्विक या नामांकित प्रोड्यूसरचे, रॅप राकिमचा. आणि त्या ठेक्यावर आरंभापासून ऐकू येणारा आवाज लता मंगेशकरांचा, ‘ज्योती’ या १९८१ च्या हिंदी चित्रपटातल्या गाण्यातला. संगीत बप्पी लाहिरींचे होते, पण तबकडीवर त्यांचे नाव नव्हते. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेले आणि श्रेय दिल्याशिवाय विक्री करता येणार नाही, असा आदेश निघाला. पैशांपेक्षा मला त्यातले तत्त्व मोलाचे वाटते. नाद ज्याचा, त्याचे नाव घ्या.

तानाजीचा पोवाडा पुढच्या काळातही नवे ठेके शोधत राहिला. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पवाडा रचून हा प्रकार कष्टकऱ्यांच्या जागृतीसाठी वापरला. सावरकरांचा सिंहगडाचा पोवाडा इंग्रज सरकारने जप्त केला. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ पडद्यावर आणला तो मूक, आणि १९३३ मध्ये प्रभातच्या ‘सिंहगड’मधून तो बोलू-गाऊ लागला. त्याच सुमारास उमरठ, महाड, पोलादपूरची माणसे मुंबईच्या गिरणगावात होती. गौरी-गणपतीला गावी येताना ती ढोलकी घेऊन येत, परतताना गावची लय घेऊन जात. कोकणातला शक्ती-तुऱ्याचा सामना म्हणजे दोन फडांची समोरासमोर झुंज. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच रात्री, त्याच रंगमंचावर, लयीत जवाब द्यायचा. आरंभी आपल्या गुरूचे, गुरूच्या गुरूचे नाव घ्यायचे. परळच्या दामोदर नाट्यगृहात हे सामने चाकरमान्यांनी डोक्यावर घेतले. हिप-हॉपमधला दोन रॅपरांचा सामना ज्याने शक्ती-तुरा पाहिला आहे, त्याला समजावून सांगावा लागत नाही.

गिरणगावातच १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा अण्णा भाऊंनी मुंबईच्या कामगारांना ऐकवला. रशियातले ते शहर कुणी पाहिले नव्हते, पण डफाचा ठोका ओळखीचा होता, म्हणून ती लढाई आपली वाटली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच ठोका मैदानांवर घुमला. १९६० मध्ये शाहीर साबळ्यांच्या आवाजात ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ आले. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. गाणारा आणि कवी लोकांना पटकन आठवतात. खळेकाकांचे नाव सांगायला क्षणभर थांबावे लागते.

या शतकात मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी रॅप हाती घेतला आणि मराठी लय पुन्हा वर आली. संभाजी भगत या लोकशाहिराने २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटाला संगीत दिले. त्याची कथाच एका शाहिरावरच्या खटल्याची. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यांसाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात आरेतले कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि आधुनिक बीटच्या आत पाड्याचा ठेका जिवंत आहे. त्याच वर्षीच्या ‘गली बॉय’मधील ‘इंडिया ९१’साठी मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी रॅपरांना कर्नाटक संगीतातल्या तालाच्या बोलांवर उभे केले. त्यात अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी बाज घेऊन उतरला. २०२४ मध्ये क्रेटेक्स या प्रोड्यूसरने श्रेयसच्या मराठी रॅपला ‘तांबडी चामडी’मध्ये नाचाचा ठेका दिला आणि नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते गाणे प्रसिद्ध केले. इथे ठेका बांधणाऱ्याचे नाव गाण्यावर ठळक छापलेले होते. तीनशे-साडेतीनशे वर्षांत आपल्याकडे झालेला हा बदल लहान नाही.

म्हणून उमरठच्या डफाला हिप-हॉपचे प्रमाणपत्र हवे आहे असे मुळीच नाही आणि हिप-हॉपही पोवाड्यातून जन्मले नाही. दोघांचे कूळ वेगळे, दुःख वेगळे. पण गरिबाच्या हाताशी जे असेल त्यातून इतिहास ऐकण्याजोगा करायचा, हे काम दोघांनीही केले. एकाने कातडे आणि तार घेतली, दुसऱ्याने जुनी तबकडी. ब्रॉन्क्सने पुढचे पाऊल टाकले: हात कुणाचा होता, ते लिहून ठेवायला तो शिकला. ते शिकून घेण्यात आपल्याला कमीपणा नाही. पदावर ‘चाल’ लिहिणाऱ्या समाजाला ही रीत मुळात ठाऊकच होती.

पुढची माघ वद्य नवमी येईल तेव्हा उमरठला, किंवा आपापल्या गावी जिथे पोवाडा होईल तिथे जा. हातातला मोबाइल शाहिराच्या चेहऱ्यावर धरा, मग थोडा बाजूला वळवा. तुणतुण्यावरचे बोट, डफ शेकणारा हात, झील धरणारी मान टिपून घ्या. कार्यक्रम संपला की त्या माणसांना नाव विचारा, गाव विचारा, कुणाकडून शिकले ते विचारा, आणि त्यांच्या परवानगीने ते लिहून ठेवा. तानाजींचे नाव ज्यांच्या हातांमुळे आपल्यापर्यंत आले, त्यांच्या नावांसाठी एवढे आपण केलेच पाहिजे.